पंगतीचा यजमान कोण?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले, त्यांचे भाषण वाचून कच खाल्ली आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. जातिसंस्थेच्या निर्मूलनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक ठाऊक आहे. त्यातील एक मुद्दा तर आपल्या सभांतून इतक्यांदा सांगितला जातो की तो घासून गुळगुळीत झाला आहे. सहभोजनाने जात मरत नाही, एकत्र जेवूनही जातीची भावना शाबूत राहिलेली दिसते. खरा उपाय मिश्रविवाह. आणि त्याच्याही मुळाशी जायचे तर शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धाच उखडली पाहिजे, असा तो क्रम आहे. या क्रमाचा एक सोयीस्कर अर्थ आपण लावून घेतला. रोटीव्यवहार ही खालची पायरी, बेटीव्यवहार ही वरची; तेव्हा वरच्या पायरीवर पोचलेल्याने खालच्या पायरीचा विचार कशाला करावा? बाबासाहेबांनी असे कोठेही म्हटलेले नाही.

ज्यांनी मिश्रविवाह केले आहेत त्यांना विचारून पाहावे. विवाहाची नोंदणी होते, साक्षीदारांच्या सह्या होतात, मित्र हार घालतात. मग काही महिन्यांनी पहिला सण येतो आणि दोन्हीकडची माणसे एका घरात जेवायला बोलवावी लागतात. सण कोणता धरायचा? दिवाळी की चौदा एप्रिल? चुलीवर काय चढवायचे? कोणी रांधायचे, कोणी वाढायचे, आग्रह कोणी कोणाला करायचा? रोटीचा प्रश्न बेटीच्या प्रश्नानंतर मागल्या दाराने घरात परत येतो, आणि तो भाषणांनी सुटत नाही, कारण पाहुणे दुपारी साडेबाराला दारात उभे राहणार असतात. या साध्या घरगुती प्रसंगामागे जो इतिहास उभा आहे त्याची नीट मांडणी झालेली नाही असे मला वाटते. सहभोजनाच्या इतिहासात कोण कोणाबरोबर जेवले याची नोंद आहे. यजमान कोण होता, हे मात्र फारसे विचारले गेलेले नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांविषयी जे नियम आहेत त्यांत एक अन्नाविषयीचा आहे. चांडालाचे अन्न पराधीन असावे, ते त्याला दुसऱ्याने द्यावे आणि फुटक्या भांड्यात द्यावे, असा त्याचा आशय. भाष्यकारांनी फुटक्या भांड्यावर बराच काथ्याकूट केला आहे. माझ्या मते खरा शब्द 'पराधीन' हा आहे. उपाशी ठेवणे हा या व्यवस्थेचा हेतू नव्हता. अन्न मिळेल, पण ते तुझे नसेल. याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे, आणि ती प्रामुख्याने माणसांची यादी आहे. वैद्य, पारधी, लोहार, सोनार असे तिच्यात कितीजण येतात. पदार्थ कोणता हे नंतरचे, हात कोणाचा हे आधी. ही संहिता २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली तेव्हा तिच्याबरोबर अन्नाचे हे तत्त्वज्ञानही जाळले गेले, हे आपण सहसा सांगत नाही.

महाराष्ट्रातील गावगाड्याने हे तत्त्वज्ञान व्यवहारात कसे उतरवले ते सर्वांना माहीत आहे. महाराची येसकर पाळी असे. ज्याच्या घरी पाळी तो दिवसभर गावाची हक्काची आणि बिनहक्काची कामे करी आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागून आणी. हा 'हक्क' होता! बावन्न हक्कांची ताम्रपटी मिरवणारा समाज भाकरीसाठी उंबऱ्याबाहेर उभा राही. सणाच्या दिवशी या मागण्याला बहर येई. पोळा, होळी, दसरा, दिवाळी या दिवशी महारवाड्यात पुरणपोळी खाल्ली जाई, पण ती गावातल्या वीस घरांच्या वीस चुलींवर भाजलेली आणि टोपलीत एकत्र झालेली असे. कुठली तुपाची, कुठली कोरडी, कुठली कालची. म्हणजे ज्याला आज आपण 'आमच्या घरचा सणाचा स्वयंपाक' म्हणतो तसे काही बहुसंख्य महार घरांत नसेच. स्वतःच्या चुलीचे सण होते ते वेगळे. आषाढातल्या अशा दिवसांचे चित्र बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये उभे केले आहे. मरीआईचा गाडा, जत्रा, कंदुरी हे आपले सण होते आणि त्यांना गावातून पाहुणा कधी आला नाही.

पाहुणा आला तर काय होते, याची एक कथा वारकरी परंपरेने जपली आहे. पैठणच्या एका महार दांपत्याने संत एकनाथांना जेवायला बोलावले आणि नाथ गेले, अशी ती कथा. कथा सुंदर आहे. पण सांगणाऱ्यांना ती पचली नाही. तिचे एक रूप असे आढळते की महाराच्या घरी जेवले ते नाथ नव्हतेच, नाथांचे रूप घेतलेला देव होता. नाथ त्या वेळी आपल्या घरी होते. देवाला विटाळ चालतो, ब्राह्मणाला चालत नाही! भिक्षा घालणारा महार, पाणी मागणारा महार, नाथांनी कडेवर घेतलेले महाराचे पोर या साऱ्यांना चरित्रकार जागा देतात. आमंत्रण देणारा महार आला की मात्र त्यांना चमत्काराची गरज पडते.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांचे अन्नबंड हे मुख्यतः वरच्या जातींचे आपसातले बंड होते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभासद होताना ख्रिस्त्याने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, असा दीक्षाविधी होता. सारे गुप्तपणे चालले होते. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा विसकटली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून टाकली आणि शहरभर गहजब झाला. त्या यादीत रानडे होते, टिळक होते. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याभर चहासाठी दोन वर्षे! आपल्या अभ्यासक्रमात हे प्रकरण सामाजिक सुधारणेच्या इतिहासातील मोठा टप्पा म्हणून शिकवले जाते, मीही शिकवते. परंतु त्या साऱ्या गदारोळात अस्पृश्य कोठेच नाही. त्याच पुणे शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, त्याला बावीस वर्षे होऊन गेली होती.

विसाव्या शतकात सहभोजन ही उघड चळवळ झाली. १९२७ साली मुंबईत बाबासाहेबांच्या प्रेरणेने समाज समता संघ निघाला. त्यातील सवर्ण कार्यकर्त्यांनी अस्पृश्यांबरोबर पंगती मांडल्या आणि आपापल्या जातीत त्याची किंमत मोजली. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडवली आणि १९३३ साली सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह काढले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या प्रसादाचा सत्यनारायण गावोगाव घातला, पूजेला अस्पृश्य दांपत्य बसवले. या साऱ्यांना एकाच तागडीत टाकणे अन्यायाचे होईल. समता संघाची समता आणि हिंदुसंघटनाची समता यांत अंतर आहे. गद्र्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, सत्यनारायणाविषयी आहे. तथापि एक गोष्ट या सर्व पंगतींना लागू पडते. बोलावणारा सुधारक, बोलावला जाणारा अस्पृश्य. पंगत आळीत, देवळाच्या पटांगणात किंवा एखाद्या सभागृहात. आणि पदार्थ? गद्र्यांनी झुणका-भाकर निवडली यात त्यांचे शहाणपण दिसते, कारण ती कोणाच्याच सोवळ्यातली नाही, गरिबाच्या प्रत्येक घरची आहे. पण महारवाड्यात त्या दिवशी काय शिजले आहे ते ताटात घ्यावे, असे कोणत्याही सहभोजनवाल्याला सुचल्याचे मला तरी कोठे वाचायला मिळाले नाही.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो कोल्हापुरात घडला. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. त्यातून कोल्हापुरात चहाचे दुकान उभे राहिले, 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान महाराचे म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतींनी अस्पृश्याला पंगतीला बसवले असते तर तो उपकार झाला असता. येथे छत्रपती गिऱ्हाईक झाले आणि गंगाराम मालक राहिले. कपबशी गंगारामांची, आधण गंगारामांचे, गल्ला गंगारामांचा. सहभोजनाच्या सगळ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वात पुढचा वाटतो.

अस्पृश्य स्वतःच्या बळावर यजमान झाला की काय होते याची दोन उदाहरणे याच काळात आहेत. पहिले महाडचे. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसाठी पाणी मिळेना म्हणून चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, असे बाबासाहेबांनी नोंदवले आहे. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून लोक मंडपात परतले. काही जेवत होते, काही गावी निघण्याच्या तयारीत होते. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठवून गुंडांची टोळी मंडपावर चालून आली. माणसांना मारले आणि अन्नात माती कालवली. तळ्याचा बदला घ्यायचा तर तळ्यावर घ्यावा, पण राग निघाला तो भातावर! दुसरे उदाहरण बाबासाहेबांनीच १९३६ च्या त्या भाषणात दिले आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावच्या एका अस्पृश्याने तीर्थयात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण घातले. त्याने कोणाही हिंदूला बोलावले नव्हते, कोणाच्या पंगतीत तो बसला नव्हता. त्याने आपल्या पाहुण्यांना तूप वाढले, एवढाच त्याचा गुन्हा. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपले. तूप हे प्रतिष्ठेचे अन्न आणि प्रतिष्ठेचे अन्न अस्पृश्याने अस्पृश्याला वाढायचे नाही. पराधीन अन्नाचा मनूचा नियम विसाव्या शतकात कसा जिवंत होता ते पाहावे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. बाबासाहेबांनी महाडला आपल्याला जे सोडायला सांगितले त्यात मेलेल्या जनावराचे मांस होते आणि मागून आणलेले उष्टे-शिळे होते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ते सोडले. एका वर्षात नव्हे, एका ठरावाने नव्हे. गावोगाव भांडणे झाली, बहिष्कार सोसले, पोरे उपाशी झोपली. बायांनी घरात ते शिजवण्यास नकार दिला म्हणून ही गोष्ट तडीस गेली. हा त्याग म्हणजे पराधीन अन्नाचा त्याग होता आणि त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. परंतु १९५६ नंतर शिकलेली, नोकरीला लागलेली, वस्तीतून कॉलनीत आलेली जी पिढी, तिने याच्या जोडीला आणखी पुष्कळ काही सोडले, आणि ते कोणी सोडायला सांगितले नव्हते. वजरी सोडली, मुंडी-पाया सोडला, रक्ती सोडली. सुकट भाजायची तर खिडक्या लावून. हुलग्याचे माडगे, आंबील, कण्या ही तर शुद्ध शाकाहारी माणसाचीही खाणी, पण तीही 'गावंढळ' म्हणून गेली. नागपूरकडे मडक्यावर भाजायची लांब रोटी ही हाताची केवढी कसबी कला! तिच्याच जातकुळीचे खानदेशी मांडे खापरावर झाले की ते 'पारंपरिक पक्वान्न' ठरते. स्वाभिमानाने टाकलेले अन्न आणि लाजेने टाकलेले अन्न या दोहोंची आपण गल्लत केली आहे. मांस हा येथे प्रश्नच नाही. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' लिहिले त्यात पाठारे प्रभूंच्या घरचे मांसमच्छीचे पदार्थ निःसंकोच दिले आहेत आणि त्या पुस्तकाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. १९७० साली आलेले कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' नववधूला आहेर म्हणून देण्याची रीतच पडली. आमच्या कितीतरी मुलींनी वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक त्यातूनच शिकून घेतला. चांगले पुस्तक आहे, मीही वापरते. त्यात आपली आई नाही एवढेच.

मिश्रविवाहाच्या पहिल्या सणाला ही गल्लत उघडी पडते. मी बौद्ध, मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. माझे पती देशस्थ ब्राह्मण कुटुंबातले. आमचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला, त्यामुळे विधींचा प्रश्न उद्भवला नाही आणि पंगतीचाही नाही. पहिली पंगत आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत चौदा एप्रिलला झाली. दिवस आम्ही विचारपूर्वक निवडला. दिवाळीला बोलावले असते तर आम्ही त्यांच्या घरी गेल्यासारखे झाले असते, जरी ते आमच्या घरी आले असते तरी. आई दोन दिवस आधी आली. मी तिला म्हटले, येसर कर. लग्नकार्याला धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळतात आणि त्याची झणझणीत आमटी करतात, ती येसराची आमटी मराठवाड्यात सर्व जातींत आहे. आमच्या आईची तर पंचक्रोशीत नावाजलेली. आई म्हणाली, "त्या लोकांसमोर ते कशाला? बाजारचं श्रीखंड आण, पुऱ्या करू." मटणाचे नाव तर तिने काढूच दिले नाही. त्यात आमचे एक चुलते फोनवरून म्हणाले की जयंतीला मांसाहार नको, आपण बुद्धाची लेकरे. एकीकडे सासरची सात्त्विकता आणि दुसरीकडे आपल्यांची नवी सात्त्विकता. दोन्हींच्या मधे आईची चूल विझत होती.

शेवटी ठरले ते असे. पुरणपोळी आणि पंचामृत पतीने करायचे. पंचामृत म्हणजे देवाचे नव्हे. मिरच्या, दाणे, तीळ, चिंच-गूळ यांचे देशस्थी तोंडीलावणे, ते त्याला त्याच्या आजीने शिकवले होते. ज्वारीच्या भाकरी आणि येसर आईने. मटण मी. मटणाचे पातेले व पळी वेगळी, कारण सासूबाई मांस खात नाहीत आणि तो त्यांचा अधिकार आहे. बाकी भांडी एकच, ओटा एकच, वाढणारे हात सगळ्यांचे. पदार्थ नाकारण्याचा हक्क प्रत्येक पाहुण्याला आहे. हात नाकारण्याचा नाही. एवढी एक रेघ आम्ही मारून घेतली होती आणि बोलावतानाच दोन्हीकडे स्पष्ट सांगितली होती.

सासूबाईंनी आईच्या हातची भाकरी खाल्ली, येसर दोनदा मागून घेतले आणि कसे दळतात ते विचारले. मटणाकडे पाहिले नाही, त्याबद्दल कोणी काही बोललेही नाही. पतीच्या एका ज्येष्ठ नातलगांनी मात्र "आज उपास आहे" म्हणून नुसते सरबत घेतले. मी नंतर कॅलेंडर पाहिले, एकादशी नव्हती, चतुर्थीही नव्हती. पण मला जे अनपेक्षित होते ते वेगळेच. आई पंगतीत बसेना. "मी मागून बसते, तुम्ही घ्या" असे म्हणत ती भाकऱ्यांची टोपली धरून उभी. सासूबाईंना ती 'विहीणबाई' म्हणेना, 'बाई' म्हणे, जसे ती गावात ज्यांच्या शेतावर खुरपायला जायची त्या घरच्या बायकांना म्हणायची. विहिणीची पंगत हा मराठी लग्नातला मोठा मानाचा प्रकार. मुलीच्या आईने मुलाच्या आईपुढे ओंजळ धरायची असा त्याचा रिवाज. म्हणजे जातीने घातलेली सवय आणि मुलीची आई म्हणून घातलेली सवय, दोन्ही एकाच टोपलीला धरून उभ्या होत्या. शेवटी सासूबाईंनीच पाट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही बसल्याशिवाय मी पुढचा घास घ्यायची नाही." तेव्हा ती बसली, निम्मीअर्धी जेवली.

हा बायकांचा भाग टाळून मिश्रविवाहाच्या जेवणाविषयी बोलता येत नाही. आपल्याकडे घराचे अन्न पुरुषाच्या जातीचे असते. सवर्ण मुलगी बौद्ध घरात आली की तिच्या धाडसाचे कौतुक होते आणि पुढे तिच्या हातचे 'त्यांच्याकडचे' पदार्थ घरात मिरवले जातात. बौद्ध मुलगी सवर्ण घरात गेली की तिला सासूच्या हाताखाली 'आपल्यातले' शिकावे लागते. तिने आईकडचे काही करून घातल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. वर्ष-दोन वर्षांत तिची जात धुऊन निघाली असे सारे मानतात, आणि धुऊन काय निघालेले असते तर तिच्या आईचे स्वयंपाकघर. दोन परंपरांचे मिश्रण वगैरे शब्द येथे फसवे आहेत. मिश्रण व्हायला दोन्ही भांडी चुलीवर असावी लागतात.

आणि चुलीवर काय असावे यात आता सरकारही बसलेले आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याने गोहत्येवर बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने बैल आणि वळू यांनाही ती लावली आणि २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळून तो कायदा लागू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा मानण्यास मात्र नकार दिला. मेलेले ढोर ओढायला लावणारी व्यवस्था आणि स्वकष्टाच्या पैशाने विकत घेतलेल्या मांसाची झडती घेणारी व्यवस्था यांत किती अंतर आहे, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तपासावे. भारत मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ साली कुटुंबांना विचारले गेले की तुमच्या घरी कोणी अस्पृश्यता पाळते का; नाही म्हणणाऱ्यांना पुढे विचारले, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का. दोन्ही प्रश्न मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी अस्पृश्यता पाळत असल्याचे कबूल केले, ब्राह्मण कुटुंबांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरांतल्या ज्या पाच घरांत अशी पहिली पंगत मांडली जाते त्यांना उरलेल्या पंचाण्णव घरांतूनच पाहुणे बोलवायचे असतात.

यजमान व्हायचे तर आधी आपल्या ताटाचे नाव घेता आले पाहिजे. 'बलुतं' १९७८ साली आले त्यानंतर आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, फार ताकदीने लिहिली. चव लिहिली नाही. ते काम अलीकडे सुरू झाले आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची पद्धतशीर नोंद प्रथमच ग्रंथरूपाने झाली. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. त्यात पाककृती आहेत आणि कोणता पदार्थ कोणत्या सामाजिक बंधनातून निपजला त्याची चर्चाही आहे. हे काम आणखी जिल्ह्याजिल्ह्यांतून झाले पाहिजे. कोकणातले वेगळे निघेल, वऱ्हाडातले वेगळे. आमच्या विद्यार्थिनींना मी सुट्टीत आजीकडून तीन पदार्थ लिहून आणायला सांगते. पहिल्या वर्षी निम्म्याजणींनी शिरा, उपमा आणि पुरणपोळी आणली.

नागपूरला दीक्षाभूमीवर आणि मुंबईला सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या परिसरात अन्नदानाचे मांडव पडतात. तेथे दाता आपला, मांडव आपला, आचारी बहुधा आपलाच. येईल त्याला वाढले जाते, जात विचारली जात नाही. गेल्या खेपेला मी नागपूरला रांगेने सात मांडव पाहत गेले. पुरी-भाजी, मसालेभात, बुंदी, पुन्हा पुरी-भाजी. एका कोपऱ्यात पारडीकडच्या तीन म्हाताऱ्या स्वतःच्या खाण्यासाठी लांब रोट्या बांधून घेऊन आल्या होत्या आणि झाडाखाली बसून त्या खात होत्या. मी मागितली तर एकीने अर्धी तोडून दिली आणि विचारले, "पोरी, तुला आवडतंय का हे?"